उपनगरातली जुनी टर्बो गाडी आणि काढून टाकलेला थर्मोस्टॅट



गळीत हंगाम आटोपला आणि उसाचे पैसे खात्यावर जमा झाले, की गावोगावी ठरलेली बोलणी सुरू होतात. कोणाला विहिरीवर नवी मोटर बसवायची असते, कोणाला ठिबक करायचे असते, कोणाच्या घरी लग्नकार्य निघालेले असते. आणि ज्याचा मुलगा, भाऊ किंवा मेहुणा मुंबईला नोकरीस आहे, त्याच्या घरी हमखास विषय निघतो : "तिकडून एखादी जुनी चारचाकी बघ की रे!" मग अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर अशा उपनगरांतून जुनी डिझेल गाडी आपल्या दारात येते. पाटी एमएच ०२ असली तर अंधेरीची, एमएच ४७ असली तर बोरिवलीची. घाटकोपर-मुलुंडची गाडी वडाळा कार्यालयाकडची म्हणून एमएच ०३.

या गाड्यांपैकी बहुतेक टर्बो असतात. टाटांची सफारी १९९८ साली आली, महिंद्रांची स्कॉर्पिओ २००२ साली, टोयोटाची इनोव्हा २००५ साली आणि मारुतीची डिझेल स्विफ्ट २००७ साली. या सगळ्या टर्बो डिझेल गाड्या. रंग चकचकीत, आतली गादी धडधाकट, किंमत आवाक्यातली. व्यवहार होतो, पेढे वाटले जातात. पण पहिल्याच खेपेला बोरघाटात किंवा खंबाटकीत, नाशिक-नगरकडच्या सभासदांना कसाऱ्यात किंवा माळशेजला, काटा लाल रेघेकडे सरकतो. बायकामुले रस्त्याकडेला उभी राहतात आणि रेडिएटरातून वाफ निघते.

अशा वेळी पुष्कळदा मूळ दोष गाडीत जेवढा असतो, त्याहून जास्त तो लपवण्यासाठी केलेल्या एका "उपायात" असतो. तो उपाय म्हणजे थर्मोस्टॅट काढून टाकणे. हा भाग काय करतो, तो गाडीत आहे की नाही हे कसे ओळखावे, तो कुठे सापडतो आणि कसा बदलावा, याची माहिती प्रत्येक गाडीवाल्या सभासदास असणे जरूर आहे.

थर्मोस्टॅट म्हणजे पाटाचे दार

इंजिनाभोवती पाणी फिरत असते. ते तापले की रेडिएटरात जाते, थंड होते आणि परत येते. परंतु सकाळी इंजिन गार असताना पाणी रेडिएटरात पाठवायचे काहीच कारण नसते. म्हणून वाटेत एक आपोआप उघडझाप करणारे दार बसवलेले असते. आपण पाटाच्या बाऱ्यावर दार टाकून पाणी अडवतो आणि वेळ आली की सोडतो, तसेच हे दार. फरक इतकाच, की येथे पाटकरी नाही; पाण्याची उष्णताच दार उघडते.

दारात पितळेची एक बोंडी असते आणि तिच्यात विशिष्ट मेण भरलेले असते. मेण वितळले की फुगते, आतली दांडी ढकलते आणि दार उघडते. पाणी निवले की स्प्रिंग दार मिटवते. मेणाची ही युक्ती सर्जियस व्हर्नेट या अमेरिकेतील संशोधकाने १९३० च्या दशकात पुढे आणली, आणि आजही बहुतेक गाड्यांत तीच चालते. दार किती अंशांवर उघडू लागावे हा आकडा त्याच्या कडेवर ठोकलेला असतो. साधारण ८२ किंवा ८८. त्यानंतर दहा-पंधरा अंश चढले की दार पूर्ण उघडते.

येथे एक गैरसमज आधी दूर केला पाहिजे. इंजिन जितके गार तितके चांगले, असे पुष्कळांना वाटते. ते खरे नाही. आपल्या कारखान्यात चुना व गंधकाची प्रक्रिया झालेला रस १०२-१०३ अंशांपर्यंत तापवतात, तेव्हाच गाळ नीट खाली बसतो. कमी तापला तर रस गढूळ राहतो आणि फार तापवला तर साखरेचे नुकसान होते. इंजिनाचेही तसेच आहे. त्याला गारवा नको, ठरलेली उष्णता हवी. आणि ती सांभाळण्याचे काम या दाराचे.

टर्बो गाडीला जास्त महत्त्व का

टर्बो हा शब्द ऐकून बिचकण्याचे कारण नाही. मिल फिरवणारी वाफेची टर्बाइन आपल्यापैकी अनेकांनी पाहिली आहे. गाडीत वाफेऐवजी इंजिनाचा धूर नळीतून बाहेर पडताना एक छोटे चक्र फिरवतो, आणि त्याच आसावरचे दुसरे चक्र जास्तीची हवा इंजिनात कोंबते. ही कल्पना स्वित्झर्लंडचे अभियंते आल्फ्रेड ब्यूखी यांची. त्यांचे पेटंट १९०५ सालचे. हवा जास्त म्हणून डिझेल जास्त जळते, ताकद वाढते आणि अर्थातच उष्णताही वाढते. भरल्या गाडीने घाट चढताना धुराची उष्णता सहा-सातशे अंशांपर्यंत जाऊ शकते. तो छोटा आस मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो, आणि तोही तेलाच्या पातळ थरावर तरंगत.

आता पाहा. थर्मोस्टॅट नसेल तर इंजिन लवकर तापत नाही. गार इंजिनात डिझेल पुरते जळत नाही. थोडे सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरून तेलात मिसळते. तेल पातळ होते, आणि त्याच पातळ तेलावर टर्बोचा आस फिरत राहतो. म्हणजे पाण्याचे एक छोटे दार काढले, त्याची किंमत टर्बोने चुकवली. शिवाय डिझेल जास्त लागते, धूर वाढतो, सिलिंडर लवकर झिजतो, तो हिशेब वेगळाच.

"शेठ, वाल काढून टाकतो"

उपनगरात गाडी गरम होण्याचे प्रसंग काही कमी नाहीत. लालबहादूर शास्त्री मार्गावर घाटकोपर ते मुलुंड, किंवा स्वामी विवेकानंद रस्त्यावर अंधेरी ते बोरिवली, सायंकाळी गाडी पावलापावलाने सरकते. पुढून वारा नाही, सगळा भार पंख्यावर. पंखा कमजोर असला, रेडिएटर आत चोंदला असला किंवा त्याच्या टोपणाचे रबर गेले असले, की काटा चढतो. मालक रस्त्याकडेच्या गॅरेजात जातो. तिथे ऐकू येते, "शेठ, वाल काढून टाकतो. मुंबईत थंडी कुठं पडते? कशाला पाहिजे तो?" मालकाला घाई असते. तो म्हणतो, "काढ बाबा."

दाराची जागा मोकळी झाल्याने पाणी सुरुवातीपासून रेडिएटरात जाऊ लागते. सकाळी कामावर जाईपर्यंत काटा खाली राहतो आणि मालकाला वाटते, रोग गेला. रोग जात नाही, तो झाकला जातो. पुढे दोन-चार वर्षांनी गाडी विकायला निघते, आणि ते झाकलेले दुखणे आपल्या पदरात पडते.

यातली आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. अनेक इंजिनांत थर्मोस्टॅटला दोन तबकड्या असतात. वरची रेडिएटरची वाट उघडते, त्याच वेळी खालची तबकडी आडवाट बंद करते. आडवाट म्हणजे रेडिएटरात न जाता पाणी थेट पंपाकडे परतण्याची वाट. थर्मोस्टॅट काढला, की ही आडवाट कायमची उघडी राहते. मुख्य पाटाचे दार उघडले पण शेजारचे भगदाड बुजवलेच नाही, तर शेवटच्या वाफ्याला पाणी कसे पोचणार? तसेच गरम पाण्याचा एक हिस्सा रेडिएटर न पाहताच पुन्हा इंजिनात शिरतो. म्हणूनच अशी गाडी सपाटीला गरजेपेक्षा गार राहते आणि घाटात गरजेपेक्षा जास्त तापते. थंड ठेवण्यासाठी काढलेला भागच ऐन चढणीला दगा देतो.

घेण्यापूर्वी परीक्षा

गाडी पाहायला जाताना सकाळी जावे. "आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका," असे विकणाऱ्यास आदल्या दिवशीच सांगावे. गेल्यावर प्रथम बॉनेटवर हात ठेवावा. ते गरम असेल तर चहा घ्यावा, पण परीक्षा दुसऱ्या दिवशी करावी.

इंजिन गार असेल तर चालू करावे आणि रेडिएटरच्या वरच्या रबरी नळीवर अधूनमधून हात ठेवून पाहावे. पंखा आणि पट्टा यांपासून हात व कपडे दूर ठेवावेत. थर्मोस्टॅट ठीक असेल तर नळी बराच वेळ गार राहते. काटा मध्यापर्यंत आला की थोड्या वेळात ती एकदम गरम होते, कारण दार उघडलेले असते. नळी पहिल्या मिनिटांपासून हळूहळू कोमट होत गेली, तर दार काढलेले आहे किंवा उघडेच अडकले आहे. उलट काटा लाल रेघेकडे निघाला आणि नळी मात्र गारच राहिली, तर दार बंद अडकले असण्याचा संभव मोठा. मग इंजिन ताबडतोब बंद करावे. काही इंजिनांत थर्मोस्टॅट पाणी परत येण्याच्या वाटेवर असतो. तेथे हीच परीक्षा खालच्या नळीवर करावी.

यानंतर फेरी मारावी, आणि ती दोन प्रकारच्या रस्त्यांवर मारावी. घाटकोपर-मुलुंडला गेलात तर आधी शास्त्री मार्गाच्या गर्दीतून आणि मग पूर्व द्रुतगती मार्गावरून. अंधेरी-बोरिवलीला गेलात तर आधी विवेकानंद रस्त्याने आणि मग पश्चिम द्रुतगती मार्गाने. गर्दीत काटा मध्यावर किंवा वर, आणि मोकळ्या रस्त्यावर वारा लागताच खाली घसरला, तर थर्मोस्टॅट जागेवर नाही असे समजावे. चांगल्या गाडीचा काटा दोन्हीकडे जवळपास एकाच जागी राहतो. नव्या धर्तीच्या काही गाड्यांत काटा मुद्दाम स्थिर दाखवतात. तेथे मेकॅनिकचा स्कॅनर लावून प्रत्यक्ष अंश पाहावेत. इंजिनाच्या संगणकाने पी ०१२८ हा संकेत नोंदवला असेल, तर पाणी पाहिजे तितके तापत नाही असा त्याचा अर्थ.

चढणीची परीक्षा हवी असेल तर ठाण्याहून घोडबंदर रस्त्याने गायमुखचा घाट जवळच आहे. मुलुंडवाल्यालाही तो दूर नाही आणि बोरिवलीवाल्यालाही नाही.

थर्मोस्टॅट नाही असे आढळले, तर व्यवहार मोडलाच पाहिजे असे नाही. परंतु "तो का काढला?" हा प्रश्न सरळ विचारावा. विकणाऱ्याकडून नवा बसवून घ्यावा आणि पुन्हा फेरी मारावी. तरीही गाडी तापली तर दोष पंख्यात, पंपात, रेडिएटरात किंवा हेड गॅस्केटमध्ये आहे, हे पैसे देण्याआधीच कळेल. तेलाच्या पट्टीवर चहासारखा दुधी रंग दिसला, किंवा टाकीतल्या पाण्यात सतत बुडबुडे येत राहिले, तर अशा गाडीला लांबूनच नमस्कार करावा. तसेच गाडीला १५ वर्षे होत आली असतील, तर नोंदणीचे नूतनीकरण, त्यासाठीची तपासणी आणि पर्यावरण कर हा खर्चही किमतीत धरावा.

जागा शोधण्याची रीत

थर्मोस्टॅट शोधायला पुस्तक लागत नाही. रेडिएटरच्या वरच्या नळीवर बोट ठेवायचे आणि ती इंजिनाला जिथे जोडली आहे तिथपर्यंत जायचे. दोन किंवा तीन बोल्टांनी बसवलेले एक वाकडे तोंड दिसेल. त्याच्या पोटात थर्मोस्टॅट असतो. तिथे नसेल तर खालच्या नळीचा माग काढायचा. स्विफ्टसारख्या छोट्या डिझेल गाडीत तो हेडच्या गिअरबॉक्सकडील टोकाला, वरच्या हवेच्या नळ्यांखाली दडलेला असतो आणि घरासकट एकसंध मिळतो.

टर्बो गाडीत नवख्याची एक फसगत होते. टर्बोकडून इंटरकूलरला आणि तेथून इंजिनाला जाणाऱ्या जाड नळ्याही रबरीच असतात. त्या हवेच्या, पाण्याच्या नव्हेत. ओळखायची खूण सोपी आहे : पाण्याची नळी रेडिएटरला जोडलेली असते, हवेची नळी एका बाजूला टर्बोला किंवा इंजिनाच्या हवेच्या तोंडाला आणि दुसऱ्या बाजूला इंटरकूलरला जाते. काम करताना हवेच्या नळ्या काढाव्या लागल्या, तर त्यांची तोंडे स्वच्छ फडक्याने झाकावीत. आत पडलेला एक नट किंवा खडा त्या लाख फेऱ्यांच्या चक्राची वाट लावतो.

बदलण्याची रीत

१. इंजिन पूर्ण गार होऊ द्यावे; रात्रभर उभी असलेली गाडी उत्तम. गरम रेडिएटरचे टोपण कधीही उघडू नये. दाबाखालचे पाणी १०० अंशांच्या वर गेले तरी उकळत नाही, परंतु टोपण उघडताच उसळून तोंडावर येते.

२. खाली परात ठेवून पाणी काढावे. हिरवे किंवा लाल कूलंट चवीला गोडसर पण विषारी असते. ते गोठ्याजवळ सांडू देऊ नये. जनावर किंवा कुत्रे चाटले तर जिवावर बेतते.

३. नळीची पकड ढिली करावी, बोल्ट काढावेत, तोंड हलकेच सोडवावे. जुना थर्मोस्टॅट कसा बसला होता ते नीट पाहून ठेवावे. बहुतेक ठिकाणी स्प्रिंगची व मेणाची बाजू इंजिनाकडे असते. कडेवर हवा जाण्यासाठी बारीक छिद्र किंवा हलती टाचणी असेल, तर ती वरच्या अंगाला यावी.

४. नवा बसवण्यापूर्वी त्याची परीक्षा घ्यावी. स्वयंपाकात न वापरल्या जाणाऱ्या भांड्यात पाणी घेऊन थर्मोस्टॅट दोऱ्याने टांगावा, तळाला टेकू देऊ नये. शेजारी तापमापक धरून पाणी तापवावे. कडेवरच्या आकड्याच्या आसपास तो उघडू लागला, पाणी उकळीला येईपर्यंत दार चांगले उघडले आणि गार झाल्यावर मिटले, तर माल खरा.

५. बसण्याच्या जागेवरचे जुने गॅस्केट पूर्ण खरवडावे. खरवडताना कचरा आत पडू देऊ नये. नवे गॅस्केट किंवा रबरी कडे घालावे. बोल्ट आळीपाळीने, थोडे थोडे आवळावेत. तोंड ॲल्युमिनियमचे असते. जोर केला तर आटे जातात, आणि मग शंभर रुपयांच्या कामाला हजार लागतात.

६. कंपनीने सांगितलेले कूलंट, ऊर्ध्वपातित पाण्यात सांगितलेल्या प्रमाणात मिसळून, सावकाश भरावे. हीटर गरमवर ठेवावा. टोपण लावून इंजिन चालवावे, वरची नळी गरम होऊन पंखा एकदा सुरू होईपर्यंत थांबावे. मग गाडी पुन्हा पूर्ण गार झाल्यावर पातळी पाहून भर घालावी. आत हवा अडकून राहिली, तर नवा थर्मोस्टॅट असूनही गाडी तापते. तेव्हा ही पायरी गाळू नये.

कुर्ल्याला सीएसटी रोडवर जुन्या गाड्यांचे सुटे भाग मिळतात, हे घाटकोपरकडच्या नातेवाइकांकडून आपण ऐकलेच असेल. दार, काच, आरसा तेथून जुना घेण्यास हरकत नाही. थर्मोस्टॅट मात्र नवाच घ्यावा, आणि आपल्या मॉडेलचा, त्याच अंशांचा घ्यावा. कमी अंशांचा घातला म्हणजे गाडी जास्त गार राहील, हाही आधीच्या गैरसमजाचाच धाकटा भाऊ.

आपल्याकडे आल्यावर

मुंबईचे नळाचे पाणी भातसा, वैतरणा, तानसा अशा तलावांचे, म्हणजे पावसाचे. त्यात क्षार कमी. आपल्याकडे बोअरच्या पाण्याने पातेल्याला पांढरा थर बसतो, तोच थर रेडिएटरात आणि थर्मोस्टॅटवरही बसतो. कारखान्यात बाष्पीपात्रांच्या नळ्यांवर थर साचला की गाळप थांबवून त्या साफ कराव्या लागतात, हे सभासदांना सांगायला नको. म्हणून घाटात अडल्यावर नाइलाजाने साधे पाणी घातले असेल, तर घरी आल्यावर ते काढून कूलंट भरावे.

घाट चढून आल्यावर किंवा लांबची मजल मारल्यावर इंजिन लगेच बंद करू नये. मिनिटभर तसेच चालू ठेवावे, म्हणजे टर्बोच्या आसाला तेल मिळत राहते आणि तो निवतो. तेल ठरल्या वेळी बदलावे. आणि घरचा ट्रॅक्टरही विसरू नये. अंधेरी-बोरिवलीच्या दरम्यान कांदिवलीच्या कारखान्यातून निघालेले ट्रॅक्टर आपल्या शिवारात पुष्कळ आहेत. पाण्याने थंड होणाऱ्या ट्रॅक्टरलाही बहुधा असाच थर्मोस्टॅट असतो, आणि तोही कोणीतरी "कशाला पाहिजे" म्हणून काढलेला असू शकतो. पुढच्या हंगामात उसाची ट्रॉली ओढण्यापूर्वी एकदा पाहून घ्यावे.

थर्मोस्टॅटला बहुतेक गाड्यांत काहीशे रुपये पडतात, घरासकट घ्यावा लागला तर त्याहून बरेच जास्त. पण तापून हेड वाकले, गॅस्केट गेले किंवा टर्बो बसला, तर खर्च हजारांच्या घरात जातो आणि गाडी महिनाभर गॅरेजात पडून राहते. वर्षभर पाणी देऊन, रात्री-अपरात्री मोटर चालू-बंद करून पिकवलेल्या उसाचा तो पैसा आहे. तेव्हा पुढच्या वेळी कोणी म्हणाले, "दादा, वाल काढून टाकू का?" तर शांतपणे सांगावे, "काढ, पण त्या जागी नवा बसव. आणि गाडी का तापते ते आधी शोध."